कणसाला काणी लागली की भाव वाढतो

पिकात काणी (म्हणजे दाण्याची काळी भुकटी करणारी बुरशी) दिसली की ताट उपटायचं, पिशवीत घालायचं आणि बांधाच्या पलीकडे नेऊन जाळायचं, हे आपल्याकडे अ‍ॅग्रीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही पाठ असतं. मेक्सिकोत मात्र मक्याच्या कणसाला काणी लागली तर शेतकरी ते कणीस हलक्या हाताने काढतो, दाबलं जाऊ नये म्हणून टोपलीत सगळ्यात वर ठेवतो आणि बाजारात चांगल्या कणसापेक्षा चढ्या भावाने विकतो. तिकडे तिला वितलाकोचे म्हणतात, शास्त्रीय नाव उस्टिलागो मेडिस, आणि ज्वारीवर, उसावर जी काणी येते तिच्याच खानदानातली ही मक्याची काणी.

माझं शिक्षण शेतीचं, त्यातही रोगशास्त्राचा नाद जास्त, त्यामुळे कामानिमित्त मेक्सिको सिटीजवळ टेक्सकोकोला जायचं ठरलं (मका-गव्हावर काम करणारी सिमिट ही संस्था तिथेच आहे, एल बातानला) तेव्हा ही खाऊन बघायची हे विमानात बसायच्या आधीच ठरलेलं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "का रे, तिकडे दुसरं काही मिळत नाही का तुला?" प्रश्न रास्त आहे. रोगट कणीस माणूस का खातो आणि खाऊन त्याला काही होत कसं नाही, हे नीट समजून घ्यायचं तर थोडं त्या बुरशीच्या घरात डोकवावं लागतं, म्हणून हा लेख, जरा लांबला तर सांभाळून घ्या.

आधी ती दिसते कशी ते सांगतो. तिकडचा पावसाळा जुलै ते सप्टेंबर जोरात, आणि तोच हिचा सीझन. बाजारात एका बाईने कणसाची वरची पानं मागे ओढून दाखवली तर बुडाकडचे दाणे सरळ रांगेत, पांढरट, एकदम शहाण्यासारखे बसलेले, आणि मधूनच रांग मोडून दाणे फुगलेले, कुठे सुपारीएवढा तर कुठे लिंबाएवढा, एकमेकांना ढकलत बाहेर आलेले. वरून चंदेरी-करडी पातळ साल, बोटाने दाबलं तर स्पंजी, आणि एक फोडून बघितला तर आत ओलसर काळपट गर. एका फुगीर दाण्याच्या टोकाला तर मक्याचा सुकलेला केसही तसाच चिकटलेला होता. हा केस लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

म्हणजे ही काही कणसावर वरून उगवलेली छत्री नाही. तो मक्याचाच दाणा आहे. बुरशी दाण्याच्या आत शिरली, तिने तिथल्या पेशींना वाढायला आणि फुगायला लावलं, आणि त्या वाढलेल्या पेशींच्या मधल्या जागेत स्वतःचे धागे भरले. वनस्पतीला आलेली गाठ म्हणा हवं तर. आपण खातो तेव्हा मका आणि बुरशी दोन्ही एकत्रच खातो.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न, विषारी नाही का? बुरशी लागलेलं धान्य खाऊ नये हा आपला नियम काही अंधश्रद्धा नाही, त्याला फार वाईट इतिहास आहे. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला, दुसरं खायला नव्हतं म्हणून खाल्ला, आणि लिव्हर खराब होऊन शंभरावर माणसं गेली. तिथला गुन्हेगार अस्परजिलस नावाची बुरशी आणि ती तयार करते ते अफ्लाटॉक्सिन. हे विष शिजवून जात नाही. दुसरं उदाहरण आपल्या बाजरीवरचं अरगट, कणसातून आधी मधासारखा चिकट थेंब येतो आणि मग दाण्याच्या जागी कडक काळसर गाठी, त्या पिठात गेल्या की मळमळ, उलट्या, चक्कर. म्हणून तर बाजरीचं बियाणं २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणाऱ्या गाठी काढून टाका असं सांगतात, १० लिटर पाण्याला २ किलो मीठ.

पण अस्परजिलस, अरगट आणि काणी या तीन वेगळ्या बुरश्या आहेत, आणि त्यांचे धंदेही वेगळे. अस्परजिलस बहुतेक करून मेलेल्या, साठवलेल्या, ओल धरलेल्या दाण्यावर जगते. मक्याच्या काणीला मात्र जिवंत झाड लागतं, झाड मेलं की तिचाही खेळ खलास, त्यामुळे ती झाडाला मारण्याच्या नादाला लागत नाही, त्याच्याकडून काम करून घेते. माणसाला बाधेल असं अफ्लाटॉक्सिनसारखं विष ती बनवत नाही, आणि मेक्सिकोत लोक पिढ्यानपिढ्या खात आलेत. हां, फुटलेल्या, पाणी सुटलेल्या, सडक्या गाठीत नंतर दुसऱ्या बुरश्या आणि किडे घुसू शकतात, म्हणून ती ताजी आणि घट्टच घ्यायची, आणि हे वाचून कुणी आपल्या शेतातलं कुठलंही काळं कणीस कढईत टाकू नका प्लीज.

बरं, ती झाडाकडून काम करून घेते म्हणजे नक्की काय करते? इथे खरी मजा आहे.

गाठ जुनी झाली की आतला ओला गर सुकतो आणि त्याची काळी भुकटी होते. हे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी. वाऱ्याने उडतात, मातीत पडतात, तिथे वर्षानुवर्षं तग धरून राहतात. ओल मिळाली की बीजाणू रुजतो, पण त्यातून लगेच रोग होत नाही, आधी निघतात यीस्टसारख्या सुट्या, लांबट, एकपेशी कळ्या. या निरुपद्रवी असतात. लॅबमध्ये साध्या साखरेच्या खाद्यावर मस्त वाढतात, मक्याच्या पानावर एकाच जातीच्या हजारो टाकल्या तरी ढिम्म काही होत नाही. रोग करायचा तर दोन वेगळ्या पेशींचं लग्न व्हावं लागतं. आणि लग्नाच्या अटी दोन. पहिली अट गंधाची, एक पेशी जो रासायनिक इशारा सोडते तो ओळखणारी दुसरी पेशी हवी, यात दोनच गट आहेत, अ आणि ब म्हणा, अ ला ब च लागते. दुसरी अट जास्त कडक, दोघींच्या आतल्या एका जनुकाचे प्रकार वेगवेगळे असायला हवेत, आणि त्याचे प्रकार डझनांनी आहेत. सारखे निघाले तर एकत्र येऊनही पुढे काही घडत नाही. सगोत्र विवाह नको म्हणणारी बुरशी आहे ही. दोन्ही अटी जुळल्या की दोन पेशी एक होतात, त्यांचा धागा तयार होतो, आणि हा धागा मात्र आता मक्याशिवाय जगू शकत नाही. तोच झाडात शिरतो.

शिरल्यावर झाड गप्प बसत नाही. शत्रू आला हे कळलं की वनस्पती सॅलिसिलिक अ‍ॅसिड बनवते (अ‍ॅस्पिरिनच्या नात्यातलं) आणि तो सगळ्या पेशींना धोक्याचा भोंगा असतो. तर ही काणी काय करते, स्वतःचं एक एन्झाइम मक्याच्या पेशीत सोडते, ते एन्झाइम ज्या कच्च्या मालापासून सॅलिसिलिक अ‍ॅसिड बनायचं तो मालच दुसऱ्या रस्त्याला वळवतं. भोंगा वाजायचा तेवढा वाजतच नाही. अजून एक प्रथिन आहे तिचं, ते झाडाला जांभळा रंग बनवायला भाग पाडतं, रोग लागलेल्या पानावर जांभळट-लाल छटा दिसते ती यामुळे, आणि त्यात खर्च झालेला माल लिग्निनच्या, म्हणजे पेशींच्या भिंती टणक करणाऱ्या पदार्थाच्या वाट्याचा असतो. भिंत कच्ची राहिली की बुरशीला साखरेपर्यंत पोचणं सोपं. हे सगळं बऱ्यापैकी अलीकडे कळलंय. २००६ मध्ये तिचा पूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएमधला सगळा मजकूर, वाचला गेला, साधारण २ कोटी अक्षरं आणि ७ हजाराच्या आसपास जनुकं, तेव्हा दिसलं की झाडात सोडायच्या प्रथिनांची बरीचशी जनुकं गटागटाने शेजारी-शेजारी बसलेली आहेत. या कामात जर्मनीतल्या मारबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतल्या रेगिने कामान आणि त्यांच्या टीमचा मोठा वाटा.

आणि जाता जाता, जेनेटिक्स शिकलेल्यांनी हॉलिडे जंक्शन हे नाव ऐकलं असेल, दोन डीएनए एकमेकांशी अदलाबदल करताना जो चौक तयार होतो तो. ते मॉडेल मांडणारे रॉबिन हॉलिडे, १९६४ साल, आणि ते काम करायचे याच काणीवर. माणसात ब्रेस्ट कॅन्सरशी जोडलेलं बीआरसीए२ जनुक आहे ना, तुटलेला डीएनए सांधणारं, त्याचा भाऊबंद या बुरशीत सापडलाय, त्यामुळे तिच्यावर अजूनही लॅबमध्ये लोक राबतायत. खायचा पदार्थ म्हणून मला ती आवडली, पण अभ्यासायला त्याहून भारी आहे.

आता तो केस. मक्याच्या कणसाला जे केस येतात त्यातला एकेक केस आतल्या एकेका दाण्याला जोडलेला असतो. तुऱ्यातला पराग केसावर पडतो, केसातून खाली जातो, दाणा भरतो. काणीचा धागा हाच रस्ता वापरतो. पण एकदा पराग पोचून दाणा धरला की केस बुडाशी तुटतो, वाळतो आणि रस्ता बंद. म्हणजे बुरशी आणि पराग यांच्यात शर्यत लागलेली असते. पावसाच्या गडबडीत किंवा ताण पडून परागीकरण नीट झालं नाही, तर काणी जिंकते. गारांनी झाडाला जखमा झाल्या, नत्र जास्त पडलं, तरी ती वाढते. आणि एक दाणा म्हणजे एक संसर्ग, म्हणून एकाच कणसात शेजारी-शेजारी एक दाणा ठणठणीत आणि एक फुगलेला दिसतो.

इथेच आपल्या ज्वारीच्या दाणे काणीपेक्षा फरक आहे. ज्वारीत बीजाणू बियाण्याला बाहेरून चिकटून येतो, बी रुजताना कोंबात शिरतो, झाडाबरोबर आतल्या आत वर चढतो आणि पार कणीस निसवल्यावर तोंड दाखवतो, तोपर्यंत पत्ताच नसतो. म्हणून आपल्याकडे पेरणीआधी किलोला ४ ग्रॅम गंधक चोळलं की काम होतं, बियाण्यावरचा बीजाणू तिथेच मरतो. मक्याच्या या काणीला नुसती बीजप्रक्रिया पुरत नाही, कारण ती नंतर वाऱ्यावरून येते आणि जिथे पडेल तिथेच गाठ करते, पानावर, खोडावर, तुऱ्यावर, कणसात. खायला मात्र कणसातलीच, पानावरच्या गाठी बारक्या आणि चिवट.

साध्या शेतात नैसर्गिकरीत्या थोड्याच कणसांना ती लागते, त्यामुळे मागणी वाढल्यावर लोकांनी ती मुद्दाम लावायला सुरुवात केली. जुळणाऱ्या दोन जातींच्या त्या यीस्टसारख्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या, पाण्यात मिसळायच्या (एका मिलीलिटरमध्ये साधारण १० लाख पेशी) आणि केस बाहेर आले की कणसाच्या शेंड्यातून, केसांच्या बाजूने, इंजेक्शनने दोन-तीन मिली आत सोडायचं. परागाची शर्यत नको म्हणून तुरे काढून टाकायचे. मग अडीच-तीन आठवडे थांबायचं. गंमत बघा, सगळ्या जगातले मका ब्रीडर या रोगाला दाद न देणारी जात शोधतात आणि इथे हवी असते जास्तीत जास्त बळी पडणारी.

काढणीची वेळ हा कळीचा मुद्दा. आपल्या हुरड्याचं कसं, चार दिवस आधी नुसतं दूध आणि चार दिवस उशीर झाला की दाणा कडक, तसंच. लवकर काढली तर गाठ लहान आणि चव फिकी, उशीर झाला तर आतला गर सुकून काळी भुकटी, ती तोंडात माती खाल्ल्यासारखी लागते. आणि काढल्यावर दोन-चार दिवसांत संपवावी लागते, त्यामुळे महाग.

खाल्ली कशी ते सांगतो. रस्त्याच्या कडेला कोमाल, म्हणजे त्यांचा मोठा सपाट तवा, तापलेला, मागे बाई निळ्या मक्याच्या ओल्या पिठाचा लंबगोल थापतेय, समोर पातेल्यांत वेगवेगळी सारणं, आणि "पासेले, होवेन, पासेले!" असा पुकारा, म्हणजे ये बाबा ये. सारण एकदम साधं असतं, तेलात कांदा, लसूण, हिरवी मिरची परतायची, वितलाकोचे मोडून टाकायची, तिला काळं पाणी सुटतं, ते आटेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं शिजवायचं आणि शेवटी एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला. काही जण भोपळ्याची फुलंही घालतात. हे अर्ध्या पोळीवर पसरून पोळी दुमडली की केसादिया. चीज घालू का म्हणून विचारलं जातं, कारण मेक्सिको सिटीत केसादियात चीज असतंच असं नाही, आणि यावरून बाकीच्या मेक्सिकोचं आणि राजधानीचं कायमचं भांडण आहे, आपण त्यात पडायचं नाही.

दिसायला, खरं सांगतो, भयंकर. काळं, ओलं, तेलकट, बोटं काळी, ओठ काळे, शेजारच्या काकांनी न बोलता नॅपकिन सरकवला. पण चव घाबरवणारी अजिबात नाही. आधी मका लागतो, गोडसर, मग मशरूमचा मातकट दमदारपणा, आणि शेवटी काहीतरी ओळखीचं जे मला तेव्हा सांगता येईना. नंतर वाचल्यावर ट्यूब पेटली. तिच्या वासातल्या मुख्य रसायनांमध्ये सोटोलॉन आहे, आणि मेथीच्या दाण्याला जो खास वास असतो तो याच सोटोलॉनचा. व्हॅनिलिनही आहे, व्हॅनिलातलं. टेक्श्चर मऊ, मध्येच एखादा न फुगलेला दाणा दाताखाली येतो आणि तो मला फार आवडला. दुसरी केसादिया चीज घालून घेतली, चीजने ती मातकट चव जरा गोल होते, पहिल्यांदा खाणाऱ्याने तीच घ्यावी.

पौष्टिकतेचं म्हणाल तर मक्यात लायसीन हे अमायनो अ‍ॅसिड कमी असतं, सगळ्यात मोठी उणीव तीच, आणि काणी लागलेल्या दाण्यात लायसीन चांगलंच वाढतं, एकूण प्रथिनंही साध्या मक्यापेक्षा बरी. सुपरफूड वगैरे म्हणायची मात्र गरज नाही, एका केसादियात जाते ती मूठभर.

अमेरिकेत हिची कथा वेगळी. तिकडे ती शेतकऱ्याची शत्रू, वर्षानुवर्षं तिला हटवायचेच प्रयत्न झाले. मग १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स बियर्ड हाउसमध्ये जोसेफिना हॉवर्ड या शेफने फक्त हिच्यावर आधारलेलं जेवण घातलं आणि मेनूवर नाव दिलं मेक्सिकन ट्रफल. मला हा थोडा शहाणपणा वाटतो, ट्रफल ही महागडी बुरशी जमिनीखाली झाडाच्या मुळांशी वाढते, हिचा तिच्याशी काडीचा संबंध नाही, पण हॉटेलात काणी या नावाखाली कोण पैसे मोजणार म्हणा.

आणि हे सगळं परदेशातलं फॅड वाटत असेल तर मणिपूरला जा. तिथे लोकताक तळ्याच्या परिसरात पाण्यात एक उंच गवत वाढतं, जंगली भाताच्या नात्यातलं, त्याच्या खोडात उस्टिलागो एस्क्युलेंटा नावाची काणी शिरते, मग त्या गवताला फुलच येत नाही आणि बुडाशी खोड जाड, पांढरं, रसदार होतं. हे काम्बोंग. बाजारात जुड्या मिळतात, सोलून कच्चं खातात, सिंग्जू या त्यांच्या कोशिंबिरीत घालतात. चीनमध्ये आणि जपानमध्येही हीच भाजी. चीनमध्ये तर पूर्वी याच गवताचं धान्य खायचे, पण काणी लागलेल्या खोडाची भाजी इतकी आवडली की पुढे कंदापासून काणीवालंच रोप लावत गेले आणि धान्य मागे पडलं. नियम तिथेही तोच, आत काळे ठिपके दिसायच्या आधी कापायचं.

तर खायची असेल तर व्यवहाराचं थोडं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना मेक्सिकन ग्रोसरीत डब्यातली मिळते, कधी फ्रोजनही. फ्रोजन दिसली तर तीच उचला, डब्यातली शिजून गिळगिळीत झालेली आणि खारट असते, तिचं पाणी काढून कांदा-मिरचीवर नीट परतल्याशिवाय मजा नाही, आणि मीठ चव घेऊनच घाला. एपासोते नसेल तर कोथिंबीर चालते, वेगळी लागते पण चालते. मशरूमची अ‍ॅलर्जी असेल त्यांनी लांबच राहावं. मशरूम न खाणाऱ्यांनी इथेही तोच हिशोब लावावा, शेवटी बुरशी ती बुरशीच. मक्याची भाकरी थापून मध्ये हे सारण आणि थोडं चीज घालून तव्यावर दुमडली तर छान जमते, फक्त पांढरा टीशर्ट घालून बसू नका.